एसी, गीझर, फ्रीज किती अंशांवर ठेवायचे? बेळगाव सीमाभागातल्या घरांसाठी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेलं तापमान आलं की यंत्र थांबवणारा भाग, म्हटलं की लोकांना एसीचा रिमोटच आठवतो. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत तीन थर्मोस्टॅट असतात: एसीत, गीझरमध्ये आणि फ्रीजमध्ये. एसीबद्दल मार्चपासून सगळे विचारतात, गीझरबद्दल फारसं कोणी विचारत नाही. बेळगाव, खानापूर पट्ट्यात मात्र वर्षभराचं बिल बघितलं तर गीझरच जास्त खातो. हिशेब पुढे दिला आहे.

एसी नेमका किती अंशांवर ठेवायचा?

२६ अंश, आणि छताचा पंखा एक किंवा दोन नंबरवर. बहुतेक घरांना एवढं पुरतं. पंख्याच्या वाऱ्याने अंगाला दोन-तीन अंश कमी वाटतात आणि साधा पंखा ७०-७५ वॉट खातो. नवा बीएलडीसी पंखा असेल तर ३० वॉटच्या आसपास. दीड टनाचा एसी जोरात चालला की हजार-दीड हजार वॉट ओढतो. म्हणजे थंडावा पंख्याकडून जेवढा घेता येईल तेवढा घ्यायचा आणि एसीला उरलेलंच काम द्यायचं.

एसी लावला की पंखा बंद करायचा, ही समजूत घट्ट आहे. ती का आहे ते कळत नाही, पण सोडून द्या.

१८ वर केलं की खोली लवकर गार होते का हो?

नाही. रिमोटवरचा आकडा म्हणजे कुठे थांबायचं याचा हुकूम असतो, किती जोरात पळायचं याचा नाही. खोली ३३ अंशांवर असेल तर तुम्ही १८ सांगा नाहीतर २५, साधा एसी सुरुवातीला सारख्याच ताकदीने चालतो. गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर एसीसुद्धा एवढा फरक असताना पूर्ण वेगानेच सुरू होतो. २५ ला पोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो. फरक नंतर पडतो. २५ वाला तिथे आल्यावर दम घेतो आणि १८ वाला रात्रभर धावत राहतो, कारण स्लॅबखालच्या खोलीत १८ कधी येतच नाही. पहाटे तीनला कोणीतरी उठून रिमोट शोधतं, ते यामुळे.

लवकर गार व्हायला हवं असेल तर दारं-खिडक्या आधी दहा मिनिटं उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग बंद करून एसी लावा. ब्लोअर जोरात ठेवा. आकडा २६ च राहू दे.

२४ अंश सरकारने सक्तीचं केलंय म्हणे?

अर्धं खरं. स्टार लेबल असलेले घरगुती एसी कारखान्यातून २४ अंशांच्या सेटिंगवरच आले पाहिजेत, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. चालू केल्यावर तो २४ दाखवतो, पुढे तुम्ही खाली-वर करायला मोकळे. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी नवे एसी २० च्या खाली आणि २८ च्या वर जाऊच नयेत अशी मर्यादा आणण्याचं जाहीर केलं, त्यावरून व्हॉट्सॲपवर बरीच धूळ उडाली. घरात बसवलेल्या एसीचा रिमोट कोणी काढून घेत नाही.

त्याच ब्युरोचं म्हणणं आहे की सेटिंग एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. २० वरून २६ वर आलात तर ढोबळमानाने तिसरा हिस्सा वाचला.

आमच्या घरात २६ वर सासूबाईंना थंडी वाजते आणि मुलाला उकडतं. खोली एकच. काय करायचं?

एसी हवेचं तापमान मोजतो ते आतल्या युनिटमध्ये, वर भिंतीला, जिथून हवा आत ओढली जाते तिथे. तुमच्या पलंगावर काय आहे ते त्याला कळत नाही. झडपांतून निघणारा झोत ज्याच्या अंगावर येतो त्याला गारठा लागतो आणि कोपऱ्यातला घामाघूम होतो.

पहिल्यांदा झडपा आडव्या करा, म्हणजे गार हवा छताला धरून जाईल आणि हळूहळू खाली उतरेल. वयस्कर माणसाचा किंवा तान्ह्या बाळाचा बिछाना झोताच्या रेषेतून हलवा. एवढ्याने नाही भागलं तर सेटिंग २७ करा आणि मुलाच्या बाजूला टेबलफॅन द्या. काही कंपन्यांच्या रिमोटमध्येच तापमानाचा सेन्सर असतो, 'आय फील' किंवा 'फॉलो मी' नावाचं बटण दिसेल. ते दाबून रिमोट उशाशी ठेवला की एसी तिथलं तापमान धरून चालतो. मात्र मग तो रिमोट गादीखाली जाऊ देऊ नका.

झोपताना 'स्लीप' दाबायची सवय लावा. ते सेटिंग रात्रीत आपोआप एक-दोन अंश वर नेतं.

बेळगावात एसी लागतोच कशाला?

हा टोमणा असतो, पण प्रश्न बरोबर आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचावर, पश्चिमेला सह्याद्री. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३५-३६ च्या पुढे गेला तरी संध्याकाळी वारं सुटतं आणि रात्री बाहेर २०-२२ अंश असतात. रात्री बाहेर २२ आणि घरात ३० अशी गत असेल तर दोष हवेचा नाही, स्लॅबचा आहे. दिवसभर तापलेला आरसीसी स्लॅब रात्री बारापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. शहापूर-वडगावातल्या जुन्या मंगलोरी कौलांच्या घरांत हा त्रास कमी, कारण कौलं तापतात तशी पटकन निवतातही आणि फटींतून हवा खेळते. वरच्या मजल्यावर नवा स्लॅब टाकलेल्यांनाच एसीची घाई असते.

म्हणून एसी घेण्याआधी गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग मारा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटईचा पडदा सोडा. बाहेरून म्हणतो आहे, कारण ऊन काचेतून आत आल्यावर आतला पडदा उशिरा येतो. रात्री नऊनंतर जाळीच्या खिडक्या समोरासमोर उघडा. एवढं करून एसी लावलात तर २६ वर तो निवांत चालेल. वळवाचा एक चांगला पाऊस पडून गेला की त्या रात्री एसीकडे बघायलाही नको.

निपाणी, चिकोडी, अथणीकडे हेच आकडे चालतात का? आणि भालकी, कारवार?

अथणीच्या बाजूला, कृष्णाकाठच्या सपाटीला आणि तिकडे भालकी-बिदरला उन्हाळा कोरडा आणि कडक. तिथे सेटिंग २५-२६, पण मे अखेरपर्यंत साधा पाण्याचा कूलरसुद्धा उत्तम काम करतो, आणि वीज एसीच्या मानाने किरकोळ. कूलर लावताना खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो. कारवारला कूलर विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली. तिथे २६ वर 'ड्राय' मोड, म्हणजे हवा कोरडी करणारा, आणि पंखा. निपाणी-चिकोडी मधली. मार्च-एप्रिलला कूलर, नंतर गरज पडली तर एसी.

पावसाळ्यात एसी कसा वापरायचा?

कणकुंबी, जांबोटी, खानापूरकडच्या घरांत जूनपासून कपडे वाळत नाहीत आणि कपाटातल्या चपलांना बुरशी येते. उकाडा नसतो, ओल असते. तिथे 'ड्राय' मोड दुपारी तासभर लावला तरी खोली कोरडी वाटते. या मोडमध्ये ब्लोअर मंद चालतो आणि हवेतलं पाणी बाहेरच्या नळीतून टपकतं. नळी तुंबली असेल तर ते पाणी भिंतीवरून आत येईल, म्हणून मृगाआधी नळी साफ करून घ्या.

तासाभरासाठी बाहेर जायचं असेल तर बंद करावा की चालूच ठेवावा?

बंद करा. पुन्हा गार करायला जास्त वीज लागते, हे ऐकीव आहे. खोली जेवढा वेळ गरम राहते तेवढा वेळ बाहेरची उष्णता कमी आत शिरते, म्हणजे एकूण उपसायची उष्णता कमीच होते.

आता गीझर. थर्मोस्टॅट किती ठेवायचा?

५५ ते ६० अंश. नळावर हात भाजेल एवढं गरम लागतच नाही, अंघोळीचं पाणी ४० अंशांच्या आसपास असतं. पण ५० च्या खाली कायम ठेवू नका. कोमट पाण्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि ६० ला ते मरतात. गावाला जाऊन आठवड्याने परत आलात तर पहिल्यांदा पूर्ण तापू द्या.

बोअरच्या जड पाण्याला ६० च्या वर नेलं की कॉइलवर क्षाराचा थर जास्त बसतो. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर हा त्रास कमी.

बऱ्याच उभ्या गीझरच्या तळाला, वायर जाते तिथल्या झाकणाजवळ एक छोटं चाक असतं. चाक बाहेर असेल तर हाताने फिरवा. झाकणाच्या आत असेल तर एमसीबी पाडून इलेक्ट्रिशियनकडूनच फिरवून घ्या. आत शेजारीच कटआउट, म्हणजे पाणी अति तापलं की वीज तोडणारा भाग असतो, त्याला कोणी 'सारखा ट्रिप होतो' म्हणून वायर मारून बायपास करत असेल तर करू देऊ नका. थर्मोस्टॅट अडकला तर तोच जीव वाचवतो.

७० वरून ५५ वर आणलं तर बिल किती कमी होईल?

वाटतं तेवढं नाही, आणि हे बहुतेक ठिकाणी चुकीचं सांगितलं जातं. पाणी तापवायला किती युनिट लागतात ते काढायला सोपं आहे: लिटर गुणिले वाढलेले अंश, भागिले ८६०. १५ लिटरचा गीझर २२ वरून ६० ला न्यायचा तर १५ गुणिले ३८ भागिले ८६०, म्हणजे पाऊण युनिटला थोडं कमी. घरात चौघं आणि प्रत्येकासाठी एकदा तापवलं तर दिवसाला अडीच-पावणेतीन युनिट, महिन्याला ८० च्या आसपास.

आता बघा, गरम पाणी ७० चं असेल तर तुम्ही बादलीत थोडं घेऊन जास्त गार मिसळता, ५५ चं असेल तर जास्त घेता. बादलीतली उष्णता तीच, म्हणून युनिटही जवळपास तेवढेच. वाचतं ते टाकीत उरलेल्या पाण्याचं आणि टाकीच्या अंगातून निसटणाऱ्या उष्णतेचं. म्हणून आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते गीझर चालू करायची वेळ. अंघोळीआधी वीस मिनिटं लावा, एकापाठोपाठ एक अंघोळी उरका, शेवटच्या माणसाआधीच बंद करा. स्वयंपाकघर गीझरपासून लांब असेल तर भांड्यांसाठी गरम नळ उघडू नका. दहा मीटर पाइपात लिटर-सव्वा लिटर गरम पाणी अडकून गार होतं आणि तुमच्या हाताला गारच येतं.

आणि हे एसीशी ताडून बघा. एप्रिल-मेच्या रात्री आठ तास एसी चालला तर खोलीप्रमाणे ५ ते ८ युनिट. दोन महिने रोज लावला तरी ३००-५००. गीझर मात्र जूनपासून फेब्रुवारीपर्यंत चालतो. महिन्याला ८० धरा, सातशेच्या वर जातात.

बंब ज्यांच्याकडे अजून आहे त्यांना हा हिशेब लागू नाही. परसात जळण असेल तर बंबाचं पाणी ते बंबाचं पाणी.

आमच्याकडे सोलर आहे, मग बिल का येतं?

बॅकअपमुळे. गच्चीवरच्या सोलर टाकीत बऱ्याचदा दोन हजार वॉटचा हीटर आणि त्याचा थर्मोस्टॅट असतो, आणि त्याचं बटण जिन्यात कुठेतरी. पावसाळ्यात कोणीतरी ते चालू करतं आणि बंद करायचं राहून जातं. मग थर्मोस्टॅट आपलं काम इमानेइतबारे करतो: संध्याकाळी पाणी वापरून टाकी गार झाली की रात्रीत २०० लिटर पाणी वीज जाळून पुन्हा तापवतो. वरच्याच सूत्राने बघा, २०० लिटर ३५ अंशांनी तापवायला आठ युनिट. चौघांच्या अंघोळींना जेवढे लागतात त्याच्या तिप्पट. आणि सकाळी ऊन येतं तेव्हा टाकी आधीच गरम, सूर्याला काही कामच उरत नाही.

बॅकअपचा थर्मोस्टॅट ४५ च्या आसपास ठेवा, तोही ढगाळ दिवशीच, पहाटे तासभर. रोजच ढग असतील तर बॅकअप सरळ बंद ठेवून न्हाणीतला १५ लिटरचा गीझर वापरा. कोमट सोलरचं पाणी गीझरच्या आत येणाऱ्या नळीला जोडून घेता आलं तर सर्वांत उत्तम, मात्र गीझर किती गरम पाणी सोसतो ते आधी बघा.

गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, २०० युनिट फुकट आहेत, मग कशाला काटकसर?

२०० सगळ्यांना फुकट नाहीत. तुमच्या आर.आर. नंबरवर, म्हणजे बिलावरच्या ग्राहक क्रमांकावर, २०२२-२३ मध्ये जो सरासरी वापर होता त्यात थोडी भर घालून तुमची हद्द ठरते. हद्दीच्या आत शून्य बिल. हद्द ओलांडली पण २०० च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. पण २०१ झालं की त्या महिन्याचं सगळं बिल तुमचं. उन्हाळ्यात एसीवाल्यांचं आणि डिसेंबरात गीझरवाल्यांचं इथेच फसतं. १७०-१८० युनिटवर असलेल्या घराला २२ ऐवजी २६ वर एसी ठेवण्याचा फायदा नुसत्या वाचलेल्या युनिटएवढा नसतो, अख्ख्या बिलाएवढा असतो.

चंदगडचे पाहुणे म्हणतात त्यांच्याकडे शंभर युनिटपर्यंत दर कमी. आमच्याकडे?

त्यांची वीज कंपनी महावितरण, आपली हेस्कॉम, बिदरकडची जेस्कॉम. महाराष्ट्रात वापर वाढला की स्लॅबप्रमाणे, म्हणजे वापराच्या टप्प्यांप्रमाणे, दर चढतो. कर्नाटकात घरगुती ग्राहकांचे स्लॅब एप्रिल २०२४ पासून गेले, सगळ्या युनिटना एकच दर. वर मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॉटमागे स्थिर आकार. एसी किंवा मोठा गीझर घेताना मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा. सोलापूर-कोल्हापूरच्या व्हिडिओतला पैशांचा हिशेब इथे लावू नका, युनिटचा लावा.

फ्रीजचं बटण उन्हाळ्यात किती आणि हिवाळ्यात किती?

आत ३ ते ५ अंश आणि फ्रीजरमध्ये उणे १८. चाकावरचे १ ते ७ म्हणजे अंश नव्हेत, आकडा मोठा तेवढं थंड जास्त. खरं तापमान बघायचं तर पेलाभर पाण्यात साधा थर्मामीटर ठेवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा. तापाचा थर्मामीटर नको, तो एवढं खालचं तापमान दाखवतच नाही.

उन्हाळ्यात मधला आकडा किंवा एक पाऊल पुढे. डिसेंबरात उलटा प्रकार होतो: स्वयंपाकघर पहाटे १५-१६ अंशांवर येतं, खालचा कप्पा आपसूक थंड राहतो, कॉम्प्रेसर कमी चालतो आणि काही फ्रीजचा फ्रीजर सैल पडतो. आइस्क्रीम मऊ लागायला लागलं की चाक एक घर पुढे न्या. इडलीचं पीठ, कुंदा, कारवारहून आणलेले मासे असं सगळं एकदम भरलं असेल तर दाराचं रबर धरतंय का ते बघा. दहाची नोट दारात अडकवून ओढा. सहज निसटली तर रबर गेलं.

करंट सारखा जातो. काही वेगळं करावं लागतं?

ऑटो-रिस्टार्ट असलेला एसी करंट परत आला की जुन्या सेटिंगवर आपोआप सुरू होतो. घरी कोणी नसतानाही. गीझरचं बटण चालू राहिलं असेल तर तोही. म्हणून करंट गेल्यावर बाहेर पडणार असाल तर आठवणीने बटणं बंद करा. एसी लगेच गार देत नाही म्हणून रिमोट बडवू नका, कॉम्प्रेसर मुद्दाम तीनेक मिनिटं थांबतो. खेड्यात व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. फ्रीजचं दार उघडलं नाही तर चार तास काही बिघडत नाही. तक्रारीला १९१२.

मुलगी अमेरिकेत असते. तिच्या भिंतीवर थर्मोस्टॅट आहे, तसा इथे बसवता येईल का?

तिथे अख्ख्या घराला एकच यंत्र गरम आणि गार करतं, म्हणून भिंतीवर एक डबी. त्यांच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा की हिवाळ्यात जागेपणी २० अंशांच्या आसपास ठेवा, आणि दिवसातले आठ तास, म्हणजे झोपेत किंवा घर रिकामं असताना, ७ ते १० फॅरनहाइटने बदला. वर्षाला १० टक्क्यांपर्यंत खर्च वाचतो. आपल्याकडे प्रत्येक खोलीचा एसी वेगळा, आणि गरम करायला कोणी काही चालवत नाही. ती डबी इथे लावून उपयोग नाही. टायमर मात्र वापरा, तो प्रत्येक रिमोटवर असतो आणि कोणी हात लावत नाही.

डिसेंबरात रूम हीटर?

रात्री पारा १३-१४ ला येतो खरा, पण ते घोंगडीचं काम आहे. घरात आजारी माणूस असेल तर थर्मोस्टॅट असलेला ऑइल हीटर घ्या, २० अंशांच्या आसपास ठेवा, आणि दोन हजार वॉट म्हणजे तासाला दोन युनिट हे ध्यानात असू दे.

बदल केल्यावर फरक पडला हे कळणार कसं? बिल तर महिन्याने येतं.

मीटर बघा. पडद्यावर आकडे आळीपाळीने फिरतात, ज्याच्याजवळ केडब्ल्यूएच दिसतं तो आकडा लिहून घ्या. रात्री झोपताना एकदा, सकाळी उठल्यावर गीझर लावायच्या आधी एकदा आणि अंघोळी झाल्यावर एकदा. पहिल्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे रात्रीचा एसी आणि फ्रीज, दुसऱ्या दोन आकड्यांतला फरक बहुतेक गीझरचा. चार दिवस २४ वर, चार दिवस २६ वर असं करून बघा. मधे वळीव येऊन गेला तर ते दिवस सोडून द्या.